डमी बोलत नाही

लाईट गेली तर जाऊ दे, समीक्षा. मेणबत्ती नको. लोकेश, तेवढं दार ओढून घे, गार वारा येतो आहे.

"मोठेबाबा, भुताची असन त सांगा," लोकेश म्हणाला. "नाई त मी झोपतो."

भूत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. चौतीस वर्षं कॉलेजात सांख्यिकी शिकवली, पण आज कुणी विचारलं की तुम्हाला नक्की काय माहीत आहे, तर मला घाम फुटतो. वीरेंद्र देशकर वकील तुम्हाला आठवतात. गोष्ट त्यांची आहे. त्यांनी सांगितलेलं खोटं असू शकेल. त्या घराचं कुलूप मात्र मी स्वतःच्या हातानं उघडलं होतं.

मागच्या वर्षीची तेरा डिसेंबर, शनिवार. दुपारी वकील हट्ट्याला गेले. काम साधं होतं. दुसऱ्या दिवशी आपल्या बालाघाटात ब्रिजची स्पर्धा होती आणि तिचे बोर्ड हट्ट्याला मोतीलाल मेश्रामच्या घरी होते. बोर्ड म्हणजे चार खणांचा चपटा ट्रे, प्रत्येक खणात तेरा पत्ते. म्हणजे प्रत्येक टेबलाला तेच पत्ते खेळायला मिळतात आणि नशिबाला दोष देता येत नाही.

मोतीलाल भरवेलीच्या खाणीत सर्व्हेयर होता. पत्ते तो तिथल्या क्लबात शिकला. वीस वर्षं तो वकिलांचा भिडू. कमी बोलणारा, डावखुरा माणूस. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. स्पर्धा त्याच्याच नावानं होती.

आणि त्याच स्पर्धेत वकील नव्या खेळाडूंसमोर भाषण देणार होते. विषय, मोतीलालची चूक.

आता ती चूक काय, ते ऐका. ब्रिजमध्ये समोरासमोर बसणारे दोघं भिडू. बोली जिंकली की एक जण खेळतो आणि त्याच्या भिडूचे पत्ते टेबलावर उघडे मांडतात. त्याला डमी म्हणतात. डमीनं बोलायचं नाही. खेळणारा सांगेल तो पत्ता पुढे करायचा, बस. समोर सत्यानाश होत असला तरी तोंड बंद. हा नियम आहे.

गोंदियाच्या स्पर्धेत वकिलांनी बोली उघडली, मोतीलालनं ती चढवून तीन नो ट्रंपवर नेली. म्हणजे हुकूम कुठलाच नाही आणि तेरापैकी नऊ हात करून दाखवायचे. वकील खेळले, मोतीलाल डमी. आठच हात झाले. पहिला नंबर गेला.

वकिलांनी भर हॉलमध्ये त्याला झाडलं. "इतक्याशा पत्त्यांवर तीन नो ट्रंप? खाणीत माती मोजता मोजता डोक्यातबी मातीच भरली काय?"

लोक हसले. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

रात्री परतताना गाडीत वकिलांचं तोंड सुरूच. राजेगावचा नाका आला तेव्हा मोतीलाल म्हणाला, "गाडी थांबवा." उतरला. दार धरून एवढंच बोलला, "डमीले बोलता येत नाही, वकीलसाहेब." वकिलांना वाटलं, रुसला. ते गाडी घेऊन निघून आले. कडाक्याची थंडी होती. सकाळी चहाच्या बंद टपरीच्या बाकावर मोतीलाल सापडला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

"अन् हे वकील त्यायले तिथंच सोडून आले?" समीक्षा म्हणाली.

हो. आणि नंतर वर्षभर, जिथं चार पत्तेवाले जमतील तिथं, हेच सांगत राहिले की बोली चुकली म्हणून डाव बुडाला.

तर त्या शनिवारी हट्ट्याला विमलाबाईंनी, मोतीलालच्या बायकोनं, बोर्डांची पेटी ओसरीवर आणून आदळली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"त्यायच्या नावाचा कप ठेवता, अन् त्याच मांडवात त्यायले गाढव म्हनता?"

"वहिनी, खेळात खरं बोलावं लागते."

"मंग खरं बोला ना! वीस साल ते तुमच्या समोर चूप बसले. मेल्यावरबी तुमीच बोलून राह्यले. त्यायनं कधी बोलावं?"

वकील पेटी घेऊन आले.

रात्री ते घरात एकटे होते, बायको नागपूरला मुलाकडे. जेवण झाल्यावर भाषणाची तयारी म्हणून त्यांनी तोच डाव टेबलावर मांडला. दोन शत्रूंचे पत्ते, आपले, आणि समोर रिकाम्या खुर्चीपुढे मोतीलालचे, उघडे.

शत्रूची उतारी बदामाच्या राजाची. डमीकडे बदामाचे तीन पत्ते होते, एक्का, सत्ती, दुर्री. वकिलांकडे बदामाचे दोन फुटकळ. सवयीनं ते मोठ्यानं म्हणाले, "एक्का."

मग स्वतःशीच हसले. खुर्चीत कोण होतं पत्ता पुढे करायला? म्हणून हात लांब केला.

दुर्री पुढे आलेली होती.

त्यांना वाटलं, आपल्याच बाहीचा धक्का. दुर्री मागे सारली, एक्का पुढे ओढला. चष्मा पुसायला मान खाली घातली. वर पाहिलं…

एक्का रांगेत. दुर्री पुढे.

पंखा बंद. खिडक्या बंद.

आता वकिलांना राग आला. भीती नाही, राग. तीस वर्षं कोर्टात ओरडलेला माणूस. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "एक्का म्हणलं ना मी! डमीनं सांगितलेला पत्ता खेळायचा!"

काही हललं नाही.

मग समोरची खुर्ची करकरली. कुणी पुढे सरकून बसावं तशी.

वकील सांगत होते, त्या क्षणी त्यांना डाव दिसला. वर्षभरात पहिल्यांदा. दोघांत मिळून बदाम अडवणारा पत्ता एकच, तो एक्का. तो पहिल्याच हाताला मारला तर संपलं, पुढे शत्रू बदामावर बदाम ओढतो. पण दोन हात सोडून दिले आणि तिसऱ्याला एक्का मारला, तर एका शत्रूकडचे बदाम संपतात. पुढे त्याला एखादा हात मिळाला तरी तो बदाम उतरू शकत नाही. नऊ हात होतात. बोली बरोबर होती. गोंदियाला एक्का मारा असं सांगितलं होतं वकिलांनी. आणि मोतीलालनं सगळं दिसत असून तो मुकाट पुढे केला होता… कारण डमी बोलत नाही.

वकिलांनी आपला फुटकळ बदाम टाकला. पहिला हात गेला. शत्रूची बदाम राणी पुढे ठेवली.

समोरून सत्ती सरकली.

हळू.

मग एक्का. कुणी न सांगता. सरकला नाही… आपटला. टेबलावरचा पाण्याचा पेला हलला.

वकील उठले. बाहेर आले. कडी घातली, कुलूप लावलं. रात्रभर गाडीत बसून राहिले. आत…

"आत काय?" लोकेशनं विचारलं.

आत पत्त्यांचा आवाज. एकेक. थांबून थांबून.

पहाटे त्यांनी मला बोलावलं. किल्ली माझ्या हातात दिली, स्वतः अंगणातच उभे. मी कुलूप उघडलं. दिवा चालू होता. खिडक्यांच्या कड्या आतून लागलेल्या.

स्पर्धेत एक पद्धत असते. प्रत्येकानं आपला पत्ता आपल्यासमोरच पालथा ठेवायचा. आपल्या जोडीनं हात जिंकला तर उभा, गमावला तर आडवा. वकील तिसऱ्या हातालाच पळाले होते. टेबलावर चारी बाजूंना तेरा तेरा पत्ते पालथे होते. डाव पुरा झालेला.

मी डमीची बाजू मोजली. पुन्हा मोजली. माझा माझ्या मोजण्यावर विश्वास नाही, म्हणून तिसऱ्यांदा मोजली.

अंगणातून घोगरा आवाज आला, "सर… किती?"

"नऊ उभे. चार आडवे."

ते पायरीवर बसले.

त्या दुपारी वकील माइकसमोर उभे राहिले. कागद खिशातच. म्हणाले, "मोतीलालची बोली बरोबर होती. डाव मी बुडवला." हॉलमध्ये कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतून विमलाबाई उठल्या.

"हे राजेगावले गाडीत म्हनले असते त?"

त्या कपाला हात न लावता निघून गेल्या.

"मोठेबाबा," लोकेश हळूच म्हणाला, "वकिलानंच पूरा डाव लावून मंग कुलूप लावलं असन. मनात खात असन त्यायले."

असेल. मीही स्वतःला तेच सांगतो. रात्री झोप येत नाही तेव्हा रोज सांगतो. पण एक गोष्ट मी वकिलांना सांगितली नाही, विमलाबाईंनाही नाही.

आपण उजव्या हाताची माणसं पत्त्यांची रांग डावीकडून लावत नेतो. टेबलाच्या तीन बाजूंना तशीच होती. रिकाम्या खुर्चीपुढे मात्र पहिले दोन आडवे पत्ते उजव्या टोकाला होते. तिसरा पत्ता उभा. तो मी उलटून पाहिला, बदामाचा एक्का. आणि तिथून पुढे सगळी रांग… डावीकडे गेलेली.