राखेतले दोन दूधदात

मासे धरायला आलेल्या जहाजावर सहा-सात वर्षांचं मूल कशाला असेल?

मनवा तांडेल तळहातावरचा दूधदात न्याहाळत होती. जेमतेम तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. चाळू नावाच्या यंत्रमानवाने तो चारशे वर्षांपूर्वीच्या एका चुलीच्या राखेतून चाळून काढला होता.

सन २०७१ चा ऑगस्ट चालू होता. मनवाचे आजोबा भालचंद्र तांडेल हे रसायनशास्त्रज्ञ. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, एका छोट्या गावात ते उत्खनन करत होते. अकरा वर्षांची मनवा त्यांच्याकडे कोकण किनाऱ्यावरच्या सातपाटी या कोळ्यांच्या गावाहून आली होती. गावात उरली होती बारा माणसं, आणि पुढच्या सोमवारी त्यांनाही निघायचं होतं. सरकारच्या किनारा मंडळाचा हुकूम होता: ‘हा हंगामी तळ आहे. इथे कायमची वस्ती कधीच नव्हती. वीज आणि बोट बंद करण्यात येत आहे.’ जुनी, कायमची वस्ती सिद्ध झाली तरच कायद्याने गाव वाचणार होतं.

गावातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ॲग्नेस क्विनलन यांनी तो हुकूम स्वयंपाकघरात उलटा चिकटवला होता. मागच्या कोऱ्या बाजूवर त्या किराण्याची यादी लिहीत. त्यांची भाषा मनवाला कानातल्या दुभाष्या यंत्रातून मराठीत ऐकू येई.

“आजोबा, तेव्हा इथे राहायला बंदी होती ना?” मनवाने विचारलं.

“होती. इंग्लंडहून उन्हाळ्यात जहाजं यायची, कॉड मासा धरायची आणि थंडीच्या आत परत जायची. सतराव्या शतकात तर फर्मान निघालं, किनाऱ्यापासून सहा मैलांच्या आत कोणी राहायचं नाही. राहणारे लोक चांगल्या जागा आधीच अडवतील, ही जहाजमालकांची भीती.”

“सहा मैल आत राहून मासे कसे धरणार?”

“नाहीच धरता येणार. म्हणजे सरळ चालते व्हा.”

“पण ते किनाऱ्यावर उतरलेच कशाला?”

“मिठामुळे. फ्रेंच आणि पोर्तुगीजांकडे मीठ भरपूर. त्यांची बरीच जहाजं मासा मिठात दाबून भर समुद्रातूनच घरी वळत. इंग्रजांकडे मीठ कमी. मासा कुजवतात जंतू, आणि जंतूंना लागतं पाणी. मीठ माशातलं पाणी बाहेर ओढतं (याला परासरण म्हणतात: पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं). आता मीठच थोडं असेल तर?”

मनवाला सातपाटीच्या वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या बांबूंच्या मांडवावर, ओळीने टांगलेले बोंबील आठवले. “ऊन आणि वारा. पण त्याला जमीन हवी, मांडव हवेत. कित्येक दिवस थांबायला हवं.”

“आणि जहाजं गेल्यावर?”

“मांडव नि होड्या राखायला कोणीतरी राहायला हवं.”

“तसंच झालं. राखणदार राहिले. पुढे त्यांच्या बायका आल्या. मासा वाळवणं मग घरादाराचं काम झालं.”

“आणि मुलं आली,” मनवा दाताकडे बघत म्हणाली. “म्हणजे हा दात पुरावा आहे.”

“अजून नाही. हे मूल कुठे जन्मलं, ते आधी बघू.”

आजोबांनी दाताचा कण यंत्रात ठेवला. “पाण्यातले ऑक्सिजनचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. काही जड असतात (एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिके म्हणतात). ढग थंड प्रदेशाकडे सरकतात तसे जड अणू वाटेतच पावसातून गळत जातात. म्हणून इथल्या ओढ्याचं पाणी इंग्लंडच्या पाण्यापेक्षा हलकं. आई जे पाणी पिते, त्यातून बाळाच्या दूधदाताचं कवच घडतं. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास ते पुरं होतं, आणि मग बदलत नाही.”

यंत्राने आकडा दाखवला. जड. मूल इंग्लंडमध्ये जन्मलेलं होतं.

मनवाचा चेहरा पडला. “सोमवारपर्यंत कोणाला सांगू नका ना.”

“दात जे सांगतो तेच मी सांगणार,” आजोबा म्हणाले.

ॲग्नेसबाई दारातच उभ्या होत्या. “बरोबर आहे. मला इथे राहायचंय, पण खोट्याच्या आधारावर नाही.”

मनवाला झोप लागेना. मूल इथे आलं, इथेच त्याचा दात पडला. मग त्याची आई नंतर परत गेली कशावरून? आणि ती राहिली असेल, तर तिला आणखी मूल झालं नसेल?

चुलीच्या राखेची नऊ पोती बाकी होती. मंडळाने वीज आधीच निम्मी केल्यामुळे चाळू बंद पडला होता. मनवाने स्वयंपाकघरातली चाळणी मागून आणली. ॲग्नेसबाई दुसरी घेऊन शेजारी बसल्या. तीन दिवस दोघी राख चाळत होत्या. मनवाच्या बोटांची सालं निघाली. रविवारी दुपारी आठव्या पोत्यात दुसरा दूधदात सापडला.

या वेळी आकडा हलका आला. इथल्या ओढ्याइतका.

सोमवारी मंडळाचा अधिकारी बोट घेऊन आला. अहवाल वाचून म्हणाला, “एका दातावरून गाव ठरत नाही.”

“दोन आहेत,” मनवा म्हणाली. “एकाच चुलीतले. एक मूल बाहेरून आलं, दुसरं इथेच जन्मलं. हंगामी तळावर बाळंतपणाला कोण येतं?”

“माझ्याकडे हुकूम आहे.”

“तेव्हाही होता,” ॲग्नेसबाई म्हणाल्या आणि धक्क्यावर खुर्ची टाकून बसल्या. बाकीची अकरा माणसंही बसली. बोटीत कोणी चढलं नाही. संध्याकाळी ती रिकामी गेली. अहवालाची प्रत मात्र अधिकाऱ्याने नीट घडी करून खिशात ठेवली होती.

वीज गेली. गावाने लाकडं फोडली, चुली पेटवल्या. सोळाव्या दिवशी मंडळाची माणसं स्वतः दात तपासायला आली. त्यांच्याही यंत्राने तेच आकडे दाखवले, आणि हुकूम मागे घेतला गेला.

मनवा निघायच्या दिवशी ॲग्नेसबाई मंडळाला पत्र लिहीत होत्या. गावातली शाळा पुन्हा उघडावी, अशी मागणी होती.

“पण गावात एकही मूल नाही,” मनवा म्हणाली.

“माझ्या पुतणीने काल घराची किल्ली मागितली. तिला दोन आहेत.”

“आणि मंडळ नाही म्हणालं तर?”

“तर फळा मी रंगवीन,” ॲग्नेसबाई म्हणाल्या आणि पाकिटाला तिकीट लावलं.