माजघरातला कवडसा

विचारणं रितेशला ठाऊकच नव्हतं. बायको आणली न विचारता, पावस गावातल्या बागेत घर बांधलं तेही न विचारता. म्हणे, नवं काही विकत घ्यायचं नाही. देवरुखजवळचं एक बंद घर उतरवून त्याचेच चिरे, वासे, काचेची कौलं आणली. घर उतरवण्याआधी उंबऱ्यावर नारळ ठेवून विचारायचं असतं, कुणी आहे का आत. यानं थेट कौलांना हात घातला.

"दिवसा दिवा लागत नाही, आये," तो येईल त्याच्यासमोर मिरवायचा.

"उष्ट्या घराची कसली मिजास!" त्याची आई काशीबाई म्हणायच्या. पण सून नोकरीला जायची. तान्ह्या नातीला, आरोहीला, सांभाळायला त्याच घरात राहिल्या.

घड्याळ त्यांना नीट वाचता येत नसे. वेळ कवडशांवरून कळे. म्हणून त्यांच्याच लक्षात आलं. दुपार कलली की सगळे कवडसे भिंतीकडे सरकत. माजघरातला एक सरकत नसे. मळभ आलं, बाकीचे विझले. तो तसाच, पिवळा.

मग तोही सरकू लागला. उलटा, आरोहीच्या गोधडीकडे. कुशीवरही न वळणारी पोर त्याच्याकडे बघून हुंकारायची. काशीबाई चुलीपाशी असल्या की माजघरातून कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज यायचा. बाळाची अलाबला घेताना मोडतात तसा.

"जुनी काच आहे, आये. उजेड वाकडा पडतो."

"उजेड नाय, तुझी अक्कल वाकडी, मेल्या! काढ ते कौल."

तो कुरकुरत छपरावर चढला. आरोही झोपली होती. काशीबाईंनी कवडशात तांदळाचं पीठ चाळलं. माणूस गेल्या जागी दिव्याजवळ पसरतात तसं. पाऊल उमटलं की कळतं. मग मोरीत जाऊन हात धुतले.

रितेश उतरला. हात शेवाळानं काळे, काखेत काचेचं कौल.

"मातीचं बसवलं. झालं समाधान?"

काशीबाई माजघरात गेल्या.

कवडसा तिथंच होता. गोधडीला टेकलेला.

पिठात पाऊल नव्हतं. फक्त एका कडेला हात टेकल्यासारखं पुसलं होतं.

आरोही जागी होती. हसत होती.

तिच्या गालावर पिठाची पाच बोटं होती. लांब, सुरकुतलेली.

काशीबाईंनी पोरीला उचलून छातीशी धरलं. मागे, रिकाम्या गोधडीपाशी, कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज आला.

रितेशचा चेहरा पांढरा पडला होता. त्या हळूच म्हणाल्या,

"विचारलं असतंस रे, तर 'आहे मी' म्हणाली असती ती."