शेवटच्याने फाटक लावायचं

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

माझी सख्खी बहीण यात गेली. तिच्या मरणावर गोष्टी रचून मला काय मिळणार आहे?

दिवस बुधवारचा. महिना नोव्हेंबर. जागा म्हणजे इंग्लंडच्या श्रॉपशरमधलं आमचं लिटल मारब्रुक गाव, आणि गावाबाहेरचा कालवा.

आणि रात्र नव्हती. दुपारचे चार वाजत आले होते. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचा नोव्हेंबर पाहिलेला नाही. चार वाजता इथे दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जात नाही.

दर बुधवारी आमची म्हाताऱ्यांची टोळी फिरायला निघते. पबच्या आवारातून निघायचं, कालव्याच्या काठाकाठाने लॉकपर्यंत जायचं. लॉक म्हणजे बोटी वर-खाली करायची ती पाण्याची दारं. त्याच्या पुढे एक फाटक आहे. फाटकातून मेंढ्यांच्या कुरणात शिरायचं आणि वळसा घालून चहाला परत पबमध्ये.

पबच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, 'सोपी वाट. चढ नाही. कुणालाही झेपेल.'

कुणालाही.

हे अक्षर डेस्मंड पर्किसचं. शाळेचा निवृत्त हेडमास्तर. बांबूसारखा उंच, लांब टांगांचा. सत्तरीच्या बायकांना 'मुलींनो' म्हणतो आणि आपण फार गोड बोललो असं त्याला वाटतं. तो पुढे, आम्ही मागे.

त्याचा नियम एकच. शेवटच्याने फाटक लावायचं. ते उघडं राहिलं की मेंढ्या कालव्यात पडतात आणि शेतकरी आमच्या नावाने शंख करतो. म्हणून कुरणात पोचला की डेस्मंड पुढूनच ओरडतो, "शेवटचं कोण?"

मागून उत्तर यायचं, "मीच शेवटची."

मग कडी पडल्याचा आवाज. मग टोळी पुढे.

कित्येक वर्षं ते उत्तर एकाच बाईचं असायचं. एनिड ट्रँटरचं.

एनिड अंगाने जाड. नवरा गेल्यावर आणखी जाड झाली. चार पावलांत तिला दम लागायचा. डॉक्टरने चालायला सांगितलं म्हणून बिचारी यायची. कोटाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी असायची. चालताना ती खुळखुळायची. त्या आवाजावरून आम्हाला कळायचं, एनिड किती मागे आहे ते.

लॉकपाशी सगळे टेकायचे. थर्मासमधली कॉफी प्यायचे, पाय ताणायचे, एनिडची वाट बघायचे. ती धापा टाकत पोचली रे पोचली, की डेस्मंड उठायचा.

"आलीस का? चला."

म्हणजे ज्यांना विश्रांती नको असायची त्यांना ती मिळायची. जिला हवी असायची, तिला कधीच नाही.

"श्वास घेऊ दे की जरा," एनिड म्हणायची.

"चालता चालता घे. फुकट आहे."

सगळे हसायचे. एनिडही हसायची, कारण न हसून सांगते कुणाला.

त्याच वर्षी मार्चमध्ये मी फ्लूने अंथरुणाला खिळले होते. माझी थोरली बहीण थेल्मा एकटीच फिरायला गेली. पुढचं सगळं तिने मला रडत रडत सांगितलं.

त्या दिवशीही एनिड पोचली, आणि त्या दिवशीही डेस्मंड उठला. टोळी फाटकातून कुरणात शिरली. डेस्मंडने विचारलं, "शेवटचं कोण?"

उत्तर आलं नाही.

तर डेस्मंडनेच नाकातून एनिडचा आवाज काढला. धापा टाकत, गाल फुगवून म्हणाला, "मीच... शेवटची..."

सगळे खो खो हसले. कुणीतरी कडी लावून टाकली. टोळी पुढे गेली.

संध्याकाळी कुत्र्याला फिरवणाऱ्या एका माणसाला एनिड सापडली. फाटकाच्या अलीकडे बसलेली. पाठ गजांना टेकलेली, एक हात मागे वळवून गजांमधून पलीकडे घातलेला. ती कडी फार घट्ट आहे. दम लागलेल्या माणसाला उचलत नाही.

हृदय बंद पडलं म्हणाले. कुणाचा दोष नाही म्हणाले.

"मी पण हसले ग, ग्वेन," थेल्मा म्हणाली. "मीही हसले."

डेस्मंडने वर्गणी काढून एनिडच्या नावाचा बाक बसवला. तोही फाटकाच्या पलीकडे, कुरणात. त्यावर पितळी पट्टी. 'एनिड ट्रँटर. तिला ही वाट फार प्रिय होती.'

"प्रिय कसली डोंबलाची," थेल्मा म्हणाली. "जिवंतपणी बाईला टेकू दिलं नाही, आणि आता बाक."

तेव्हापासून थेल्मा मुद्दाम मागे राहू लागली. पाय चांगले होते तिचे. शोभेला म्हणून काठी वापरायची, मला मागे टाकील अशी चालायची. पण बुधवारी सगळ्यांच्या मागे.

"कुणी मागे राहिलं, तर मला दिसायला हवं," म्हणायची.

मी तिच्या चार पावलं पुढे असायचे. थट्टा करायचे, "बाईसाहेब, पुण्य गोळा करताय का?"

"करतेय. तुला हवंय का थोडं?"

नोव्हेंबरच्या त्या बुधवारी पाण्यावर धुकं बसलं होतं. काठाला बांधलेल्या बोटींतून धूर निघत होता, पण माणूस दिसत नव्हता. पुढच्यांची बडबड ऐकू येत होती. मागे थेल्माची काठी. टक... टक...

लॉक ओलांडलं आणि बदकं एकाएकी गप्प झाली.

आधी लक्षात आलं नाही. आवाज बंद झालेला कळायला वेळ लागतो.

मग मागून...

खुळखुळ.

मी थांबले. थेल्माही थांबली.

"तुझ्या खिशात काय आहे?" मी विचारलं.

"रुमाल," ती म्हणाली.

पुन्हा खुळखुळ. आणि त्याच्या मागे... श्वास. जड, ओला, छातीत अडकणारा श्वास.

मी मागे पाहिलं. वाट रिकामी होती. धुकं, पाणी आणि आमच्या बुटांच्या खुणा.

"पाय उचल," मी म्हणाले. "थेल्मा, चल ग लवकर."

मी फाटकातून जवळजवळ पळतच कुरणात शिरले. मेंढ्या एका कोपऱ्यात दाटीने उभ्या होत्या. आमच्याकडे पाठ करून. समोर धुक्यात डेस्मंडची लाल टोपी दिसत होती.

"शेवटचं कोण?" तो ओरडला.

"मीच शेवटची," माझ्या मागून थेल्मा म्हणाली.

आणि तिच्या मागून, धापा टाकत, कुणीतरी म्हणालं...

"मी आहे... अजून..."

मी वळले. थेल्मा फाटकाच्या पलीकडेच होती. एका हाताने तिने फाटक उघडं धरलं होतं, आणि ती बाजूला सरली होती. पबच्या दारात एखाद्या बाईसाठी सरावं, तशी.

"कुणासाठी धरलंयस?" मी विचारलं.

"एनिड आलीय, ग्वेन. बघ, किती दमलीय."

मला कुणी दिसत नव्हतं. देवाशपथ सांगते, कुणीही नव्हतं.

"थेल्मा, तू आत ये आधी."

तिने ऐकलं नाही. ती रिकाम्या वाटेकडे बघून हसली. खरंच गोड हसली. इतके महिने जे मनात होतं ते उतरवायला मिळालं, अशी.

"तू आधी, एनिड," ती म्हणाली. "जा. मी येते मागून."

आमच्याकडे लहानपणापासून हेच शिकवतात. दारात, फाटकात, बसमध्ये. तू आधी. त्याने कधी कुणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नव्हतं.

फाटक आणखी थोडं उघडलं. कुणीतरी जाड माणूस अंग चोरून आत यावं, तेवढं.

पेपरमिंटचा वास माझ्या तोंडावरून गेला.

खुळखुळ माझ्या शेजारून पुढे गेली. सावकाश, बाकाच्या दिशेने.

आणि फाटक थेल्माच्या हातून सुटलं.

कडी पडली.

"थेल्मा, ये," मी म्हणाले. "उघड आणि ये."

"श्वास घेऊ दे ग जरा," ती म्हणाली.

माझ्या बहिणीला आयुष्यात कधी दम लागलेला मी पाहिला नव्हता. आता तिची छाती भात्यासारखी हलत होती. ती गजांना धरून हळूहळू खाली बसली. मी कडीला हात घातला. कडी हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, नखं तुटली, रक्त आलं. हलेना. गजांमधून तिने हात आत घातला. तो मी धरला.

डेस्मंडला हाक मारली. पण त्याच्या आधी दुसरंच कुणीतरी बोललं. बाकावरून. दम खाऊन झालेल्या, सुखावलेल्या आवाजात...

"आलीस का? चला."

मी तो हात धरून होते. तो हातातल्या हातात गार झाला.

डेस्मंड आला. त्याने एका बोटाने कडी उचलली.

"घट्ट कुठेय ही?" तो म्हणाला.

डॉक्टरने सांगितलं, हृदय बंद पडलं. कुणाचा दोष नाही.

तुम्हाला वाटत असेल, आता डेस्मंडचं काहीतरी होईल. मलाही वाटायचं. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या केसालाही धक्का लागलेला नाही. या वसंतात तो ऐंशीचा झाला. पबमध्ये केक कापला, मेणबत्त्या एका फुंकरीत विझवल्या. सगळ्यांनी त्याच्या फुप्फुसांचं कौतुक केलं.

बाकावरच्या पट्टीवर त्याने थेल्माचं नावही घातलं. तिलाही ही वाट फार प्रिय होती म्हणे.

पाऊस कितीही पडो, त्या बाकाची एक बाजू कोरडी असते. दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्र अंथरून डेस्मंड बसतो आणि कॉफी पितो. परवा म्हणाला, "हल्ली इथे पेपरमिंटचा वास येतो नाही? कुठेतरी पुदिना उगवला असेल."

एनिडने त्याला काही केलं नाही. मी यावर पुष्कळ विचार केला. तिला सूड नकोच होता. तिला फक्त शेवटची राहायचं नव्हतं. आणि जी तिच्यासाठी थांबली, तीच तिच्या हाताला लागली.

आता माझाही गुडघा धरतो. मी मागे पडते. हल्ली सगळ्यांच्या मागे मीच असते.

लॉक ओलांडलं की बदकं गप्प होतात. मग मागून ऐकू येते, काठी.

टक... टक...

मी मागे बघत नाही. फाटकातून आत येते, वळते, दोन्ही हातांनी फाटक लावते. कडी पडते. माझ्या हाताला ती कधी घट्ट लागत नाही.

"ग्वेन," पलीकडून धापा टाकत ती म्हणते, "मी आहे ग अजून."

"शेवटचं कोण?" डेस्मंड ओरडतो.

"मीच शेवटची," मी म्हणते.

माझी सख्खी बहीण आहे ती. लहानपणी एका पलंगावर झोपलो आम्ही. मला फक्त बाजूला सरायचंय आणि दोन शब्द म्हणायचेत. तू आधी. ती बाकावर जाऊन बसेल, दम खाईल.

पण मला मरायचं नाही. एवढंच आहे ते.

मग जातेस कशाला, असं तुम्ही विचाराल. घरी बसावं, टीव्ही बघावा. एकदा बसले होते. पण तिची खुर्ची समोर रिकामी, आणि घरात तिचा आवाज नाही. तिचा आवाज फक्त तिथेच ऐकायला मिळतो. मला तिची फार आठवण येते हो. म्हणून जाते. तिला भेटते, आणि तिच्या तोंडावर फाटक लावते.

सुरुवातीला ती विनवायची. मग रडायची. मग चिडली. काठीने गज बडवायची.

गेल्या बुधवारी मात्र ती शांत होती. मी कडी लावली तेव्हा गजांमधून तिची बोटं आत आली आणि माझ्या हाताच्या पाठीवरून फिरली. गार होती. लहानपणी मला ताप आला की अशीच फिरवायची.

"नको उघडूस," ती म्हणाली. "घाई नाही. मी थांबते इथेच."

मग जरा श्वास घेऊन म्हणाली...

"तूही कधीतरी दमशीलच की, ग्वेन."

परवा बुधवार आहे. काल रात्रीपासून जिना चढताना मला मध्येच थांबावं लागतंय.