मनोरीला न पोहोचलेली होडी

"टोप्या तीन, पाण्याच्या बाटल्या तीन, आणि भूक एकच. पण ती निधीची!" सुशांतनं पिशवीत डोकं घालून जाहीर केलं.

"ए, मी काय राक्षस आहे?" निधी ओरडली. तोंडात अख्खी चकली असल्यामुळे ते कुणालाच कळलं नाही, हा भाग वेगळा.

मे महिन्याची सुट्टी, आणि उद्या मनोरी! मार्वेच्या जेट्टीवरून होडीनं पलीकडे जायचं, दिवसभर वाळूत लोळायचं. गंधालीच्या आजीनं, म्हणजे शुभाआजीनं, स्वतः कबूल केलं होतं. त्यासाठीच तर गंधालीची मावसबहीण निधी घाटकोपरहून विलेपार्ल्याला राहायला आली होती. सुशांत खालच्याच मजल्यावरचा, गंधालीच्या वर्गातला. घर मूळचं मालवणकडचं. कुठलंही काम सांगा, तो हात जोडून "व्हय म्हाराजा!" म्हणायचा आणि मग ते काम हमखास विसरायचा.

एवढ्यात आजीचा फोन टिंग करून वाजला. आजीनं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

"मनोरी रद्द," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

"अं?" तिघं एकदम म्हणाले.

थोड्या वेळानं आजीनं स्वतःसाठी केलेला चहा बाहेर आला. सुशांतनं सवयीप्रमाणे त्यातला एक घोट चोरला आणि त्याचे डोळेच पांढरे झाले. "मीठ! यार, आजीनं चहात मीठ घातलंय!"

आता मात्र काहीतरी भलतंच घडलं होतं. आजीच्या हातून चहा बिघडला, असं पार्ल्यात अजून कुणी ऐकलं नव्हतं. गंधालीनं हळूच फोन उचलला. आजी ज्या शाळेत पूर्वी शिकवायची, त्या शाळेचा सुवर्णमहोत्सव रविवारी होता, त्याचं निमंत्रण होतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'शाळेचा पहिला संगणक-खेळ "चला मनोरीला" याचे जनक चंद्रप्रकाश सर यांचा भव्य सत्कार!' सोबत एक जुनाट व्हिडिओही होता.

तिघांनी डोकी एकत्र करून तो पाहिला. जाडजूड डब्यासारखा कॉम्प्युटर, पडद्यावर ठिपक्यांची एक होडी, ती डुलत डुलत खाडी पार करतेय, आणि बरोब्बर खाडीच्या मध्यावर थांबली! मग झुपकेदार मिशांचे एक सर कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? होडी मध्येच थांबते. आयुष्यही असंच असतं!"

"काहीही!" सुशांत फिस्सकन हसला. "पलीकडे पोहोचतच नाही? असा कुठला गेम असतो? तिकिटाचे पैसे परत मागायला हवेत!"

गंधालीला हसू आलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली. आजी लख्ख असलेला ओटा पुन्हा पुन्हा पुसत होती.

"आजी, काय झालं गं?"

"तो खेळ मी लिहिलाय," आजी ओट्याकडेच बघत म्हणाली. "सर विभागप्रमुख होते. पहिल्या पडद्यावर प्रमुखांचं नाव घालायचं अशी पद्धत होती, म्हणून घातलं. मग तुझी आई झाली आणि मी नोकरी सोडली. खेळ राहिला तिथेच."

"मग सांग ना सगळ्यांना!"

"काय सांगू? माझ्याकडच्या फ्लॉपीला बुरशी लागली, फेकून दिली. पुरावा काय? या वयात तिथे जाऊन 'माझं, माझं' करत भांडू?" आजीनं फडकं करकचून पिळलं. "जाऊ दे. या विषयावर पुन्हा बोलायचं नाही. शपथ आहे तुला."

गंधालीला इतका राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर येऊन ती दोघांना म्हणाली, "शपथ बोलायची नाही अशी आहे. काही करायची नाही, अशी कुठे आहे?"

"व्हय म्हाराजा!" सुशांत म्हणाला, आणि या वेळी तो विसरला नाही.

संध्याकाळी तिनं हर्षदमामाला फोन लावला. मामा ट्रॉम्बेला नोकरीला. कामावर फोन गेटवरच जमा करावा लागायचा, त्यामुळे दिवसभर तो सापडायचा नाही.

"फ्लॉपी गेली गं, पण तिची डिस्क इमेज आहे माझ्याकडे!" मामा म्हणाला. "कॉलेजात असताना केली होती. फ्लॉपीवरचं अक्षरन् अक्षर जसंच्या तसं उचलून एका फायलीत ठेवायचं, त्याला डिस्क इमेज म्हणतात. जे वाचता आलं ते सगळं मी आपलं भरून टाकलं. आत काय आहे ते कधी बघितलंसुद्धा नाही."

"पाठव ना! आत्ताच्या आत्ता!"

"ती उघडणारा प्रोग्रॅमपण पाठवतो. तो जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करतो. पण तो अगदी जुन्या काळचा आहे हं, तुझ्या लॅपटॉपवर चालायचा नाही. त्याचा कोड सोबत आहे. तू थोडी सी भाषा शिकलीयेस ना? मग नव्या सिस्टिमला मानवेल असा बदलून घे. पोर्टिंग म्हणतात त्याला. अडलीस तर संध्याकाळी फोन कर!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून गच्चीच्या जिन्यात कारखाना सुरू झाला. गंधालीच्या मांडीवर बाबांचा लिनक्सवाला लॅपटॉप, शेजारी चुका वाचून दाखवायला सुशांत, आणि शेंगदाणे संपवायला निधी. गंधालीनं पहिल्यांदा बटण दाबलं आणि चुकांच्या लाल ओळी धबधब्यासारख्या कोसळायला लागल्या.

"वाट लागली!" सुशांत म्हणाला. "हा काय मागतोय बघ. पडदा माझ्या हातात द्या, स्पीकर माझ्या हातात द्या..."

"जुन्या काळी मिळायचं ते," गंधाली म्हणाली. "आता आधी सिस्टिमची परवानगी घ्यावी लागते."

"म्हणजे नव्या टॉवरमध्ये हा वॉचमनला न विचारता सरळ लिफ्टमध्ये घुसतोय!"

"हो ना! चला, याला वहीत सही करायला शिकवू या."

ते शिकवता शिकवता दोन दिवस गेले. एक चूक मिटवली की दोन नव्या यायच्या. सुशांतनं तर लॅपटॉपला नारळ फोडायची तयारी दाखवली. गंधालीनं तिन्हीत्रिकाळ पुस्तकं चाळली, मामाला छळलं, निधीवर खेकसली आणि मग तिला कुल्फी देऊन सॉरी म्हटलं. अखेर एका दुपारी लाल ओळी संपल्या आणि पडदा उजळला!

होडी आली. पण ती आकाशात होती, तीही उलटी. समुद्र भिंतीसारखा उभा होता आणि एक मासा कोपऱ्यात थरथरत होता.

"ही होडी नाही, रॉकेट आहे!" सुशांत जिन्यावर गडाबडा लोळला.

गंधालीनं डोकं धरलं. संध्याकाळी मामानं फोनवर एवढंच विचारलं, "जुन्या मशीनच्या मेमरीत एका आकड्याला दोन घरं लागायची. तुझ्या लॅपटॉपवर किती लागतात?"

"चार!" गंधाली किंचाळली. "म्हणजे आपला प्रोग्रॅम दोनऐवजी चार घरं उचलतोय, आणि शेजारच्या आकड्याची घरंही गिळतोय!"

"शाळेत सुशांत माझ्या ताईचा डबा खातो तसं?" निधीनं विचारलं.

"अगदी तसंच!"

"मी फक्त भाजी खातो," सुशांत दुखावून म्हणाला.

आकड्यांना त्यांची त्यांची दोन घरं मिळाली आणि समुद्र आडवा झाला. होडी पाण्यात उतरली. पहिल्या पडद्यावर इंग्रजीत चंद्रप्रकाश सरांचं नाव झळकलं आणि होडी डुलत डुलत निघाली. खाडीचा मध्य आला आणि होडी थांबली. गंधालीनं सगळी बटणं बडवली, तरी ती ढिम्म हलेना.

"म्हणजे सर खरं बोलत होते?" निधी हळूच म्हणाली. "आयुष्य असंच असतं?"

रविवार परवावर आला होता. आजीसाठी आपण काहीच करू शकलो नाही, या विचारानं गंधालीला रडू कोसळणार, इतक्यात तिचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं.

"सुशांत, ही फाईल एवढी मोठी कशी? प्रोग्रॅम तर अर्धीच वाचून गप्प बसतोय. मग उरलेल्या अर्ध्या भागात काय आहे?"

"कचरा असेल. मामा म्हणाला ना, जे मिळालं ते भरलं."

"गंधालीऽ, खाली ये! वाण्याकडून गूळ आण!" आजीची हाक आली. गंधाली पाय आपटत खाली गेली. आजीनं काय काय आणायचं ते लिहून तिच्या हातात कागद दिला. गंधालीनं तो उलटला. मागे कॅलेंडरचं गेल्या वर्षीचं पान होतं! आजी असंच करायची. लग्नपत्रिका, विजेची बिलं, पाकिटाची आतली बाजू, काही म्हणजे काही वाया घालवायची नाही. पाठकोरा कागद कुणी टाकलेला दिसला, तर ती त्याला फैलावर घ्यायची. गंधाली दारातच खिळली.

आणि मग गूळ राहिला बाजूला, ती तीन तीन पायऱ्या उड्या मारत वर पळाली!

"पाठकोरी! अरे, फ्लॉपी पाठकोरी होती! माझी आजी कधी मागची बाजू रिकामी सोडेल का? तिनं फ्लॉपी उलटी घालून मागेही लिहिलंय! आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटलं, फ्लॉपीला एकच बाजू असते!"

तिनं कोडमध्ये ती ओळ शोधली. 'बाजू: एक' असं होतं, तिथं तिनं दोन केलं आणि फ्लॉपी उलटायला एक बटण नेमून दिलं. होडी निघाली. मध्यावर थांबली. गंधालीनं बटण दाबलं. होडी हलली! लाटा कापत ती थेट मनोरीच्या जेट्टीला लागली, आणि वर ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली मराठी अक्षरं एकेक करून उमटली: 'खेळ रचला – शुभा'.

तिघं असे काही किंचाळले की आजी जिना चढून वर आली. गंधालीनं लॅपटॉप धाडकन मिटला.

"पाल!" निधी म्हणाली.

"गूळ कुठाय?" आजी म्हणाली.

रविवारी आजी मुळीच येणार नव्हती. पण निधीनं असा काही चेहरा केला, "एवढ्या गर्दीत मला भीती वाटते गं आजी," की आजीचा नाइलाज झाला. ती अगदी शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली.

इकडे गंधाली आणि सुशांत स्टेजच्या मागे सरांसमोर उभे होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण झुपका तोच.

"सर, जुना व्हिडिओ कशाला दाखवता? आम्ही खरा खेळच चालवतो!"

"खरा? चालतो?" सरांचा चेहरा फुलला. "वा, झकास! लावा, लावा!" एकदा चालवून बघू या, असं काही त्यांच्या मनात आलं नाही.

हॉल खच्चून भरला होता. जुने विद्यार्थी आता टकले आणि पोट सुटलेले झाले होते. भल्यामोठ्या पडद्यावर होडी निघाली, तशी सगळ्यांनी लहान मुलांसारख्या टाळ्या पिटल्या. खाडीच्या मध्यावर होडी थांबली. सरांनी माईक तोंडाजवळ नेला.

"पाहिलंत? होडी मध्येच थांबते. आयुष्यही..."

"उलटा!" मधल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

सर दचकले. "काय?"

चष्मा लावलेले एक जाडे गृहस्थ उभे राहिले होते. आपण का ओरडलो, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "म्हणजे... फ्लॉपी उलटायची, सर. इथे होडी थांबली की बाई म्हणायच्या, 'आता उलटा रे!'"

"हो हो! बाई म्हणायच्या!" एक जुनी विद्यार्थिनी टुणकन उठली. "आणि आपण सगळे ओरडायचो!"

बस्स! तो सगळा वर्ग इतक्या वर्षांनी पुन्हा वर्गात जाऊन बसला. "उलटा! उलटा! उलटा!" हॉल दणाणून गेला. सुशांत तर खुर्चीवर चढून ओरडत होता, आणि त्याचा त्या वर्गाशी काही संबंधही नव्हता.

गंधालीनं बटण दाबलं. होडी मनोरीला लागली. ठिपक्यांची अक्षरं उमटली. कुणीतरी मागे वळून ओरडलं, "अरे, शुभाबाई! त्या काय, शेवटच्या रांगेत!"

सर माईक धरून पडद्याकडे बघतच राहिले होते. "म्हणजे होडी पोहोचते?" ते पुटपुटले. "इतकी वर्षं मला वाईट वाटायचं हो त्या होडीचं! मी शेवटपर्यंत कधी खेळलोच नाही. पहिल्या पडद्यावर माझं नाव बघितलं आणि खूश झालो. दर वेळी 'खेळ माझा' असं सांगत गेलो आणि मलाही ते खरंच वाटायला लागलं." त्यांनी खांद्यावरची शाल काढली, नारळ उचलला आणि ते तुरुतुरु चालत थेट शेवटच्या रांगेत गेले. "शुभाबाई, हे तुमचं. चुकलो मी."

आजी उभी राहिली. तिनं शाल घेतली, नारळ घेतला आणि ती सगळ्या हॉलसमोर भडाभडा रडली, आणि लगेच हसलीसुद्धा. मुख्याध्यापिकांनी तिघांना स्टेजवर बोलावून पाठ थोपटली. "मोठ्यांनी अर्धंच वाचून सोडून दिलं होतं. या मुलांनी पूर्ण वाचलं!" त्या म्हणाल्या. सुशांतनं इतक्या वेळा वाकून नमस्कार केला की त्याला खाली ओढावं लागलं.

घरी परतताना रिक्षात आजीच्या हातात जाड चकचकीत मानपत्र होतं. घाईघाईत सरांचं नाव खोडून त्यावर तिचं नाव घातलं होतं.

"फ्रेम करू या ना, आजी?" गंधालीनं विचारलं.

आजीनं मानपत्र उलटून पाहिलं. तिचे डोळे चमकले. पर्समधून पेन काढत ती म्हणाली, "फ्रेम कसली करतेस! मागून अख्खं कोरं आहे. सांगा बघू, उद्या मनोरीला काय काय न्यायचं?"

"चकल्या!" निधी म्हणाली.