पिवळा उणे वीस

फोटोतला झेंडा गुलाबी होता.

देवराम खांबेटे भिंग घेऊन पुन्हा वाकले. कळसावरचा झेंडा गुलाबी, दारावरचं झेंडूचं तोरण पांढुरकं, आंब्याची पानं निळसर. आणि या सगळ्या चुकीच्या रंगांत मधोमध उभा असलेला माणूस मात्र अगदी बरोबर, सावळा, आत्ता बोलेल असा.

कल्याणच्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये त्यांनी तीस वर्षं घालवली होती. निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर, स्कॅनर आणि इंकजेट प्रिंटर मांडला, आणि गेलं वर्षभर, म्हणजे सत्त्याण्णवपासून, एकच ध्यास: घरच्या कागदावर स्टुडिओच्या तोडीचा फोटो उतरवायचा. कागद कुठला, शाई किती, कुठला रंग एक घर वर आणि कुठला खाली. शेजारी हसायचे. हसू देत!

समोर सगुणाबाई बसली होती. घोडबंदर रोडलगतच्या गावातली, मिठागरावर राबलेली बाई.

"मना यो मोठा करून द्या. देवापाशी लावते."

"कोण हे?"

"आमचं मानूस. काळुराम. बारा दिस झाले, न सांगता गेला. मंग यो फोटू आला. त्र्यंबकला हाय, बरा हाय, शोधू नका, असा निरोप."

"आणला कुणी?"

"तिकडून आलेल्या मानसानं चंदूजवळ दिला. चंदू माजा पुतण्या. पोलिसांनी फोटू बघितला आणि शोध थांबवला."

"आणखी काही निरोप?"

"खाडीजवळची जमीन इकायला त्याची ना नाय; माज्या नावावर हाय म्हून मीच अंगठा द्यावा. तो तर जमीन इकायचं नाव काढलं की अंगावर धावून जायचा. पन देवाच्या दारी मन बदललं असंल. शनवारी अंगठा द्यायचाय."

आज गुरुवार होता.

"चंदूला ठाऊक आहे, तुम्ही इथं आलात ते?"

"नाय. तो बोलतो, आता फोटू आनखी कुनाला दाखवू नको."

देवरामांनी फोटो ठेवून घेतला. ती गेल्यावर त्यांनी बोट ओलं करून कोपऱ्यावर टेकवलं. रंग बोटाला लागला. शाई! देवळापाशी फोटो काढणारा असा फोटो देत नाही. हा कुणीतरी घरी छापला होता. पिवळी शाई संपली म्हणावं, तर चेहराही बिघडायला हवा होता. तो का नाही बिघडला?

बराच वेळ ते येरझाऱ्या घालत राहिले. मग त्यांनी फोटो स्कॅनरवर ठेवला, एकच प्रत काढून पाहिली, आणि सब-इन्स्पेक्टर आनंद गोळ्यांना फोन लावला.

शुक्रवारी दुपारी चौघं त्या खोलीत दाटीवाटीनं बसली; गोळे साध्या कपड्यांत, कोपऱ्यात. चंदू काकीबरोबर आला होता; तिशीचा, कडक इस्त्रीचा, हातात मोबाइल. तोंडावर नाराजी.

"काका, लवकर करा. साइटवर जायचंय."

"छापायला वेळ लागतो," देवराम म्हणाले आणि बटण दाबलं.

प्रिंटर घरघरला. आधी झेंडा आला, भगवा. मग तोरण, पिवळंधमक. पानं हिरवी झाली. सगुणाबाईचा चेहरा खुलला. मग काळुरामचं कपाळ आलं. पिवळं. गाल पिवळे, कान पिवळे, गळा पिवळा.

"ही तर हळद!" सगुणाबाई उठून उभी राहिली. "मीच लावलेली. चंदूच्या लग्नाला, मे महिन्यात."

देवरामांनी छापलेला कागद तिच्यासमोर ठेवला.

"मी फक्त झेंडा भगवा होईपर्यंत पिवळा रंग वाढवला," देवराम म्हणाले. "काळुराम हळदीच्या फोटोतून कापले, देवळाच्या चित्रावर चिकटवले, स्कॅन केले. पण हळद माखलेला माणूस त्र्यंबकला कसा शोभेल? म्हणून छापताना पिवळा उतरवला. चेहरा सुधारला. पण प्रिंटरला चेहरा आणि झेंडा वेगळा कळत नाही. उतरवला की सगळ्या कागदावरचा उतरतो."

"म्हणजे त्या माणसानं फसवलं आपल्याला," चंदू म्हणाला. "मला जे दिलं ते मी आणून दिलं."

"असेल. पण अडाणी असणार तो. पिवळा चक्क उणे पन्नासवर नेलाय. मूर्खपणा."

"पन्नास कुठं? वीसच तर..."

चंदू थांबला. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्यानं उगाच ओढली.

"वीसच," देवराम हळूच म्हणाले. "झेंडा भगवा व्हायला मलाही तेवढाच वाढवावा लागला; तो आकडा मी कुणालाच सांगितला नव्हता. गोळेसाहेबांनासुद्धा नाही."

गोळे दारात जाऊन उभे राहिले. "तू इथं आल्यावर तुझ्या ऑफिसातला प्रिंटर ताब्यात घेतलाय, चंदू. काळुराम कुठं आहेत?"

"मारायचं नव्हतं मला," चंदू जमिनीकडे बघत म्हणाला. "जमीन विकण्यावरून बाचाबाची झाली. मी काकाला ढकललं. बांधावरचा दगड लागला डोक्याला. संध्याकाळपर्यंत धुगधुगी होती. मग मिठागराच्या जुन्या झोपडीमागं... पुरलं."

देवरामांना वाटलं, ही बाई आता त्याच्या नरडीचा घोट घेईल. त्यांना स्वतःचीच शरम वाटली. काल या खोलीत ती नवरा जिवंत असलेली बाई म्हणून आली होती.

सगुणाबाई चंदूजवळ गेली. ज्याला तिनं कडेवर घेऊन वाढवलं त्याची हनुवटी धरून तिनं तोंड वर केलं.

"संध्याकाळपर्यंत जीव होता?"

"हो."

"पानी पाजलंस का त्याला?"

चंदूनं मान हलवली. नाही.

तिनं त्याची हनुवटी सोडली, पदर डोक्यावरून घेतला आणि गोळ्यांना म्हणाली, "चला सायेब. झोपडी मना म्हाईत हाय."