सातव्या माइकसमोर कुणी नव्हतं

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते. पिंपळ लागतो. रात्रीचे बारा लागतात.

इथं बारा वाजले होते, पण दुपारचे. डोक्यावर मार्चचं ऊन होतं. साल २००७, होळीचा दुसरा दिवस. जागा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावपासून चार-साडेचार किलोमीटरवरचा एक बंजारा तांडा. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या बायका अजून आहेत, त्यांना उगाच तकलीफ नको.

हे सगळं त्याच तांड्याच्या शिलानं स्वतः सांगितलेलं आहे. आणि शिला काही अंगारे-धुपारे करणारी बाई नाही. तिनं आवाजाच्या शास्त्रात पीएच.डी. केली आहे. तुम्हाला पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडा. तिला काडीचा फरक पडत नाही.

तिचा विषय आधी समजून घ्या.

गाणं रेकॉर्ड करताना प्रत्येकाला वेगळा माइक असतो. मग एक जण मशीनवर बसून ठरवतो, कुणाचा आवाज वर ठेवायचा, कुणाचा खाली. त्याला मिक्सिंग म्हणतात. हे काम माणसाशिवाय, आपोआप करणारा प्रोग्राम शिला लिहीत होती.

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं मिराबाईनं. मिराबाई म्हणजे तिची सख्खी आत्या. तांड्यात गाण्याची ओळ पहिली उचलायची ती मिराबाईनंच, तिच्या मागं बाकीच्या बायका. १९९६ साली शहरातून एक कॅसेटवाला आला आणि बायकांची गाणी भरून घेऊन गेला. चार महिन्यांनी कॅसेट हातात पडली, तर मिराबाईचा आवाज पार तळाला गाडलेला. वर कुणीतरी गोड गळ्याची शहरी गायिका. विचारायला गेल्यावर कॅसेटवाला म्हणाला, "बाई, तुमचा आवाज लई उघडा आहे. थोडा कमी केला."

त्यानंतर मिराबाई कधीच माइकपुढं उभी राहिली नाही.

शिला तेव्हा शाळेत होती. तिच्या मस्तकात जी तिडीक गेली, ती गेलीच. असं यंत्र बनवीन, की पुन्हा कुणी कुणाचा आवाज दाबणार नाही.

ते यंत्र घेऊन ती तांड्यात आली खरी... पण मिराबाई आदल्या दिवाळीतच वारली होती.

आता इथं शिलाची चूक झाली. ती स्वतःही कबूल करते.

त्यांच्या तांड्यात एक रीत आहे. बायका गोल धरून गातात. ओळ उचलणारी बाई वारली, की वर्षभर गोलातली तिची जागा सोडायची. तिथं कुणी उभं राहायचं नाही, काही ठेवायचं नाही. शिला त्याच तांड्यात वाढलेली. तिला हे सगळं ठाऊक होतं. पण शिकलेल्या माणसाची अक्कल कधी कधी चरायला जाते.

सहा बायकांना सहा माइक लावून झाले. आजूबाजूचा आवाज टिपायला तिला एक जास्तीचा माइक हवा होता. गोलात मोकळी जागा दिसली आणि तिनं सातवा माइक नेमका तिथं उभा केला.

गोलातली म्हातारी रुक्माबाई कडाडली. (बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत झालं, सगळ्यांना कळावं म्हणून इथं मराठीत दिलंय.)

"ए पोरी! ती मिराची जागा हाय. तिथं काठी बी उभी करत न्हाईत."

"मावशी, जागा मोकळीच हाय ना? माइक काय कुणाला खाऊन राहिला?"

"मोकळी न्हाई," रुक्माबाई म्हणाली. "सोडलेली हाय."

शिलानं हसण्यावारी नेलं.

गाणं सुरू झालं. पण प्रत्येक ओळीआधी सहाही जणी थांबायच्या. चार सेकंद... पाच सेकंद... मग एकदम, एका दमात उचलायच्या. कुणी इशारा करत नव्हतं. कुणी कुणाकडं बघतही नव्हतं.

मशीनवर जवळा बाजार गावचा नासेर बसला होता. लग्नाच्या मंडपात साउंड लावणारा माणूस, कानाचा पक्का. शेवटी त्यानं हेडफोन काढले.

"सब बराबर आलं ताई. सातही."

तो माइकबद्दल बोलतोय, असंच शिलाला वाटलं.

विद्यापीठात परत गेल्यावर तिनं ते रेकॉर्डिंग प्रोग्रामला दिलं. प्रोग्रामचा नियम साधा होता. ज्या ट्रॅकवर, म्हणजे ज्या माइकच्या रेकॉर्डिंगवर, गाणारं कुणी नाही, तो ट्रॅक खाली दाबायचा.

स्क्रीनवर सात पट्ट्या होत्या, दर माइकची एक. गाणं सुरू झालं...

सातवी पट्टी वर चढायला लागली.

चढत चढत पार टोकाला गेली. आणि बाकीच्या सहा एकेक करून खाली आल्या.

शिलानं शिवी हासडली. प्रोग्राममध्ये चूक असणार! तीन आठवडे तिनं एकेक ओळ तपासली. चूक सापडली नाही. सातव्या ट्रॅकच्या जागी तिनं नुसती कोरी शांतता घालून पाहिली, तर पट्टी निमूट खाली बसली. खरा ट्रॅक परत लावला... पट्टी वर.

मग तिनं तो ट्रॅक एकटाच ऐकला. वारा होता. शेळीच्या गळ्यातली घंटा होती. लांब हापशाची करकर होती. मग बायका थांबायच्या ती जागा आली...

आणि सगळं बंद.

वारा नाही. घंटा नाही. हापसा नाही. आकडा पाहिला, तर शून्य. उघड्यावर ठेवलेला माइक कधीच शून्य देत नाही. साधी खरखर तरी येतेच. इथं प्रत्येक ओळीआधी चार सेकंद, अगदी शून्य.

तिच्या मानेवर काटा आला. पण शिलाची भीती जास्त वेळ टिकत नाही, तिचा लगेच राग होतो. भर प्रयोगशाळेत ती स्क्रीनला म्हणाली, "आत्या, असशील तर अस. पण माझ्या प्रोग्राममध्ये लुडबूड करू नको!"

पट्टी जागची हलली नाही.

गाईड सरांनी गाणं ऐकलंच नाही, नुसते आलेख पाहिले. "हा डेटा खराब आहे. तांड्याचं सगळं काढून टाक, स्टुडिओतली गाणी वापर. मुदत संपत आलीय. नाहीतर पाच वर्षांवर पाणी सोड."

तांड्यावरून आईचा, मोतीबाईचा, फोन आला. "रुक्माबाई म्हनून राहिली, ते पुसून टाक."

एका बाजूला सर, एका बाजूला तांडा, आणि दोघांचं म्हणणं एकच. पुसून टाक!

"न्हाई पुसणार, याडी," शिला आईला म्हणाली. "एकदा पुसला तिचा आवाज. आता माझ्या हातानं न्हाई."

तिनं ते रेकॉर्डिंग तसंच ठेवून प्रबंध जमा केला.

२००८च्या सप्टेंबरात तोंडी परीक्षा झाली. सकाळचे अकरा, खोलीत दहा-बारा माणसं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. ते म्हणाले, "लावा, ऐकू या."

शिलानं गाणं लावलं. तिला ऐकू आल्या दबक्या आवाजातल्या सहा बायका... आणि मधे मधे ती कोरी जागा.

परीक्षकांनी डोळे मिटले होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "प्रोग्राम छान आहे. पण पुढची बाई फार वर आलीय. तिच्यामुळं बाकीच्या दबल्यात."

"कोणती बाई, सर?"

खोलीत हशा पिकला.

"अहो, ओळ उचलते ती! फार उघडा आवाज आहे. तिला थोडं कमी करा, मी लगेच सही करतो."

शिलानं गाईड सरांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सातवा ट्रॅक रिकामा आहे म्हणाली होतीस ना?" ते पुटपुटले.

खोलीतल्या प्रत्येकानं ती बाई ऐकली होती. एकट्या शिलाला सोडून.

ती टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "कमी नाही करणार, सर. सही नाही केली तरी चालेल."

सही त्या दिवशी झाली नाही. पाच महिने कागद लटकले, पत्रांवर पत्रं गेली. शेवटी परीक्षकांनीच कंटाळून सही केली. आवाज होता तिथंच राहिला. शिला जिंकली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

ती लॅपटॉप घेऊन घरी आली. अंगणात ऊन होतं. तिनं मोतीबाईच्या कानाला हेडफोन लावले. मोतीबाईची मान तालावर हलायला लागली. बायका थांबायच्या ती जागा आली... आणि मोतीबाईचे डोळे भरले.

"आत्या हाय ना, याडी?"

"व्हय. मिराच हाय."

"काय गाऊन राहिली?"

मोतीबाईनं एकदम हेडफोन ओढून काढले.

"याडी, सांग ना!"

"तुझं नाव घेऊन राहिली," मोतीबाई म्हणाली. "गोलात ये म्हनते."

"मग मला काहून ऐकू येत न्हाई?"

"न्हाई येत तेच बरं हाय, लेकरा. बोलावणं ऐकू आलं की जावं लागते."

दुसरी कुणी असती तर तिनं त्याच दिवशी फाइल पुसली असती. शिला म्हणते, माझ्या आत्याला मी काहून भ्यावं? होळी आली की ती दार लावते, हेडफोन चढवते आणि पूर्ण गाणं ऐकते. २००९ला त्या चार सेकंदांत काही नव्हतं. शून्य.

२०१०च्या होळीला तिनं पुन्हा ऐकलं. बायका थांबल्या...

आणि अगदी कानाजवळ कुणीतरी श्वास आत घेतला.

ओळ उचलण्याआधी घेतात, तसा.

शिलानं हेडफोन काढले नाहीत. तिनं आवाज आणखी वाढवला.