जीवनमानात माफक घट

प्रेम सांगून येत नाही, असं थोर लोक म्हणून गेलेत. मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात सगळंच सांगून येतं. तीन महिने आधी, आणि बहुधा चुकीचं.

ती तिथे थकलेल्या कर्जांचे तक्ते करायची. एका दुपारी, काचेबाहेर पावसाची भुरभुर चालू असताना, प्रिंटरमधून काढलेल्या तिच्या कागदांत कुणाची तरी पानं मिसळली. अजून ऊबदार होती. ती चाळतेय तोच मागून आवाज आला.

"माफ करा… तुमची घसरण माझ्याकडे आलीय."

"आणि तुमची सुधारणा माझ्याकडे," ती म्हणाली. "हिला कशाचा आधार दिसत नाही."

"नाहीच. मात्र, आशा आहे."

पानं देताघेताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही त्याची नोंद घेतली.

तो तिमाही अहवालाचा मसुदा लिहायचा. विभागात त्याला 'मात्र'च म्हणत, कारण त्या शब्दाशिवाय त्याचं वाक्य पुढे सरकत नसे. देशात कारखान्यांना कुलपं लागत होती, आणि हा शांतपणे लिहायचा की वाढीचा वेग सौम्य झाला आहे. आपल्या तक्त्यांतलं मरण त्याच्या परिच्छेदात आजारपण होऊन गेलेलं ती वाचायची आणि हसायची. हसण्यासारखं त्या इमारतीत दुसरं काही नव्हतं.

पुढे दोघं चहाला जाऊ लागले. तिच्या कपात साखर तोच घालायचा, दीड चमचा, न विचारता. इतका ठाम निर्णय त्याने आयुष्यात दुसरा घेतला नव्हता.

वर्ष असंच गेलं. मग लांबच्या शाखेत तीन वर्षांची एक जागा निघाली आणि ती तिला देऊ केली. संमती शुक्रवारी पाचपर्यंत द्यायची होती.

"तो काही बोलला का गं?" आईने विचारलं.

"बोलतो की. खूप बोलतो."

"म्हणजे नाही बोलला."

गुरुवारी चहाला तिने लाज गुंडाळून ठेवली. "जाऊ का मी?"

तो कपात बघत म्हणाला, "जाण्याचे फायदे आहेत… मात्र, न जाण्याचेही—"

"फायद्याचं जाऊ द्या. तुम्हाला काय वाटतं?"

त्याचे कान लाल झाले. "मी… उद्या लिहून देतो."

शुक्रवारी ती सकाळपासून दाराकडे बघत बसली. चार वाजले. पावणेपाच झाले. पाचला पाच मिनिटं असताना तिने सही केली, आणि सही नेहमीपेक्षा सुबक आली याचाच तिला राग आला.

सहा वाजून दहा मिनिटांनी तो धापा टाकत आला. हातात पाकीट. आत टंकलिखित कागद:

'आपल्या अनुपस्थितीत माझ्या जीवनमानात माफक घट संभवते. परिस्थितीवर लक्ष ठेवले जाईल.'

खाली दोन साहेबांच्या आद्याक्षरी सह्या होत्या.

"हे तुम्ही साहेबांना दाखवलंत?"

"तुमचं नाव वगळून दाखवलं. आपल्याकडे दोन सह्यांशिवाय कागद खाली येत नाही ना… धाकट्या साहेबांनी लगेच दिला. मोठ्या साहेबांनी अभ्यासाला ठेवून घेतला."

"मूळ काय होतं?"

तो तिच्याकडे बघून सरळ म्हणाला, "तुम्ही गेलात तर मी जगू शकणार नाही."

तिने वाट पाहिली. पुढे 'मात्र' आला नाही. वर्षभर जे ऐकायला कान टवकारले होते ते एवढंसं होतं, आणि तेवढ्यानेच तिचे डोळे भरून आले.

"मग हे काल का नाही म्हणालात?"

"तपासलेलं नव्हतं."

सोमवारी ती कर्मचारी विभागात चौकशीला गेली. तिथे सांगितलं, दिलेली संमती मागे घेता येत नाही.